एकडोळ्या मोराचं मडगार्ड

“गाडी कायद्यात हाय, बसा!” जीपच्या बॉनेटवर दोन थापा मारून मामा रोज सकाळी असं ओरडायचे. गाडी कायद्यात नव्हती. हे मामांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि मामांच्या बैलांनाही माहीत असावं. ते तोंड फिरवून उभे राहायचे.

भूकंपात आमचं घर गेलं होतं. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. उन्हाळ्यात भाकरी भाजायला चूल पेटवावी लागू नये, इतकी आत सोय. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई रोजानं. घरात दहावीपुढं कोणी गेलेलं नव्हतं, मी गेले. लातूरला तेव्हा दर दुसऱ्या गॅलरीवर क्लासचा बोर्ड. डॉक्टर करू, इंजिनिअर करू. आमच्या गावातून तिथपर्यंत पोचायचं कसं, तेवढं कुठल्या बोर्डावर नव्हतं.

ते शेजारच्या शेडमधल्या मामांकडं होतं. कोणाचे मामा, ते कोणी विचारलं नाही. गावापासून डांबरी फाट्यापर्यंतची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तिनं गिळलेल्या चपला परत मिळत नसत. म्हणून मामांनी आपल्या काळ्या-पिवळ्या जीपला खालून ट्रॉलीचे स्प्रिंगचे पाटे घालून उंच केलं, थोराड टायर लावले, ते घासतात म्हणून मडगार्डं काढली, ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सर टपापर्यंत नेला. जीप चिखलातून म्हशीसारखी निवांत यायची. फक्त रस्त्यावर चालवायची तिला बंदी होती. आता रस्ता सोडून सगळीकडं चालणारी गाडी सरकारला का खुपावी, हे मामांना शेवटपर्यंत उमजलं नाही.

दरवर्षी पासिंगच्या दिवशी आरटीओ ऑफिसच्या अलीकडं, मोकळ्या रानात जीप थांबायची. मामा ‘कायद्याचा सेट’ काढायचे. लहान टायर, मडगार्डं, आडवा सायलेन्सर. क्लासला निघालेल्या आम्ही पोरी ओढणीत नट-बोल्ट धरून उभ्या. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून पोरांना धुतलेले सदरे घालतात, तसंच. पाटे तेवढे राहायचे. वाकून बघायची साहेबांना सवय नव्हती.

सेट एकच, जिपा अनेक. मामा मागेल त्याला द्यायचे. हिमायतनगरच्या कुणाच्या तरी जीपवर चढून तो नांदेडलाही पास होऊन आला. आमच्या गावात सगळ्यात जास्त परीक्षा त्यानंच पास केल्या असतील.

माझ्या बारावीच्या वर्षी नवे साहेब आले. ते जीपभोवती फिरले आणि मडगार्डापाशी थांबले. त्यावर कुणा पेंटरनं मोर काढलेला, एक डोळा उडालेला.

“हे मडगार्ड कोणाचं?”

“माझंच की, साहेब.”

“मग सोमवारी दुसऱ्या जीपवर काय करत होतं?”

मामांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. “पाहुणं गेलतं, साहेब.”

साहेब हसले. हसून झाल्यावर वाकले. पाटे दिसले. “सगळं मूळचं बसवून आणा, कायमचं. नाहीतर परमिट रद्द.”

त्या संध्याकाळी आमच्या शेडमध्ये निकाल लागला. वडील म्हणाले, “जीप बंद, तर क्लास बी बंद. मावशीनं स्थळ आणलंच हाय.” मी पुस्तकं ट्रंकेत भरली.

दोनच दिवसांनी सकाळी दारात घुंगरं वाजली. बैलगाडी. जुवावर हात ठेवून मामा उभे.

“चल गं पोरी, उशीर करायलीस.”

“मामा, जीप?”

“फाट्यावर लावली. सेट बसवलाय, पाटे बी उतरवले. आता काय काढायचं न्हाई.”

“आन् चिखल?”

“चिखलाला बैलं हायतच. त्यांला पासिंग लागत न्हाई.”

वडील दारात उभे होते. ट्रंक त्यांनीच उघडली.

बाकीचे जीपवाले भांडायला आले. “मामा, आमच्या पासिंगचं काय?”

“पाहुण्याला आता घरीच ठेवून घेतलंय,” मामा म्हणाले.

साहेबांनी दुसऱ्यांदा जीप खालून, वरून, आतून बघितली आणि पास केली. मामा ओशाळल्यासारखे उभे होते. लपवायला काहीच नाही म्हटल्यावर माणसानं चेहरा कसा ठेवायचा, त्याची त्यांना सवय नव्हती. त्यानंतर बैलगाडीतून उतरून, हात पुसून, फाट्यावर बॉनेटला दोन थापा मारून ते तेच वाक्य म्हणायचे. आता हळू म्हणायचे.

मी हल्ली नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहते. शेजाऱ्यांच्या चिरंजीवांनी जीप उंच करून घेतली आहे. दर रविवारी चिखल शोधत हिंडतात. परवा विचारत होते, “मॅडम, पासिंगच्या दिवसापुरते साधे टायर कुठं मिळतील?” तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यावं.

मामा गेले तेव्हा आमच्या वाटेवर डांबर पडलं होतं. तरी जीप फाट्यावरच उभी होती, मोरासकट. तिचं पासिंग चालू होतं. त्या बैलगाडीत बसलेल्या आम्ही सगळ्या पोरी बारावी पास झालो. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.