मातीचा लाडू

बहात्तरच्या दुष्काळातला शेवटचा उन्हाळा. जामखेडच्या पुढं एका माळावर पाझर तलावाचा बांध चालू होता आणि मी तिथं ओव्हरसियर. वय तेवीस, डोक्यावर नवी कोरी हॅट आणि अंगात नको तेवढा साहेबपणा.

काम दुष्काळी होतं, म्हणजे मशीन नाही, सगळं माणसांच्या हातानं. नऊ इंचाचा मातीचा थर पसरायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, मग त्यावर पुढचा थर. माझं काम एवढंच, की थर नीट दाबला गेलाय का ते बघून रजिस्टरमध्ये सही करायची.

तपासायची रीत साधी होती. थर उकरून मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचा. दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर... भुगा झाला तर माती कोरडी, थर नापास.

बांधाच्या एका टोकाला बाभूळ होती. सावली म्हणावी अशी तेवढीच. तर आमचे साहेब, म्हणजे मीच हो, रोज सकाळी त्या सावलीत उभं राहून लाडू वळायचे. बांध दोनशे पावलं लांब, पण उन्हात कोण जातो! रोज लाडूचे दोन-तीन तुकडे व्हायचे आणि मी खुशीत सही ठोकायचो.

एक दिवस असाच लाडू वळत होतो. माती वाहणाऱ्या बायकांतल्या हौसाबाई पाटी खाली ठेवून समोर आल्या. चाळिशीच्या असतील. बांधाच्या खालच्या अंगाला पाच-सहा घरांची वस्ती होती, तिथल्याच त्या.

"सायेब, रोज हितंच काय बगता? तिकडच्या टोकाला बी एकदा लाडू वळा की."

गँगचे मुकादम दगडूबा लांबूनच ओरडले, "हौसे, गप ऱ्हा!" त्या ओरडण्यातच मला काय ते कळलं. 

गेलो दुसऱ्या टोकाला. लाडू वळतच नव्हता, बोटांतून पिठासारखी माती गळत होती. खाली उकरलं... तेच. त्याच्याखाली उकरलं, तेही तसंच. चार थर कोरडे ठणठणीत, आणि चारींवर माझी सही.

दगडूबांनी मग सगळं सांगून टाकलं. प्यायच्या पाण्याचा टँकर आठवडाभर धड आला नव्हता. मातीवर मारायला जे पाणी यायचं तेच माणसं पीत होती, आणि उरलेलं बाभळीकडच्या टोकाला मारत होती. साहेब तिकडंच बघतो हे सगळ्या गँगला पाठ झालेलं.

यात चूक कुणाची म्हणायची? तहानलेल्या माणसाला मातीला पाणी घाल म्हणणारा मी कोण? पण बांध असाच राहिला असता तर पहिल्या मोठ्या पावसात फुटला असता, हेही तितकंच खरं.

हौसाबाई तेवढंच बोलल्या. "पानी मी बी प्यालेय सायेब, न्हाई कशाला म्हनू? पर बांद फुटला तर तुमी नगरला असाल. खाली आमी हाय."

चारही थर काढायला लावले. मे महिन्याच्या उन्हात चोपलेली माती पुन्हा खणायची, म्हणजे काय हाल होतात ते करणाऱ्यालाच माहीत. प्यायच्या टँकरसाठी मी स्वतः सायकल मारत तालुक्याला गेलो आणि तिथं ठाण मांडून बसलो... हे आठवडाभर आधी करायला काय धाड भरली होती, कोण जाणे.

गँगनं राग काढला तो मात्र हौसाबाईंवर. भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसरा हात लागतो, तो हात कुणी देईना. त्या पाटी एका दगडावर ठेवायच्या, गुडघ्यावर बसून डोक्यावर घ्यायच्या आणि तशाच उठायच्या. मी रोज बघत होतो. ओव्हरसियरनं पाटीला हात लावायचा नसतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

जूनच्या सुरुवातीला मोठे साहेब पाहणीला आले. माझा रिपोर्ट त्यांनी बांधावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "तपासणीत चार थर सदोष आढळले, ते काढून पुन्हा करून घेतले." पाठ थोपटली माझी. म्हणाले, असे दक्ष इंजिनियर हवेत.

हौसाबाई चार हात अंतरावर पाटी घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. "थँक यू सर" म्हणालो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तलाव भरला, बांध टिकला, वस्तीही राहिली. माझी बदली झाली आणि रिपोर्टमधलं ते वाक्य माझ्या फाईलमध्ये जाऊन बसलं, पुढं कितीतरी वर्षं माझ्या कामाला आलं.

आज एवढंच लिहायचंय... तपासणीत काही आढळलं नव्हतं. हौसाबाईंनी सांगितलं होतं.