मातेच्या नावावर सोडलेली लाली

तळहात-तळपाय लाल झाले किंवा जुलाब लागले तर लगेच फोन करा, असं मुंबईच्या डॉक्टरांनी निघताना दोनदा बजावलं होतं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. धाकट्या बहिणीच्या शरीरात रक्त बनणंच थांबलं होतं, म्हणून माझ्या हाडांतला मगज काढून तिला दिला होता. माझ्या पेशी तिच्या शरीराला परकं समजून त्याच्यावर उठू शकतात, हे मी तेव्हाच नीट विचारून घेतलं होतं. घराण्यातली पहिली पदवीधर मी. धुळ्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचे.

त्या रविवारी पारोळ्याला घरी आले, तर दाराला कडुनिंबाचे डहाळे, गोवर-कांजिण्या म्हणजे देवी अंगात आली असं मानून लावतात तसे. बहिणीचे तळहात लालभडक, कानांमागे पुरळ, तीन दिवसांपासून जुलाब. आत्या, जिला आम्ही अक्का म्हणायचो, उंबऱ्यातच आडवी उभी.

"माता उनी शे. औषध नही, सुई नही."

"अक्का, ही माता नाही. माझ्याच पेशी तिला खाताहेत."

"हाई ऐका! आते बहीणच बहीणले खाई राह्यनी!" जमलेल्या बाया हसल्या. "चार बुकं शिकनी ते देवीले शिकाडस का?"

नुसत्या माझ्या शब्दावर बहिणीला कोणी घराबाहेर काढू देणार नव्हतं. मला तपासणीचा कागद हवा होता. मी पिशवीतून सिरिंज काढली.

"कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. सरक."

अक्का सरकली नाही. तेवढ्यात अंगणात बसलेले आबा, माझे वडील, उठले. सातवीनंतर माझी शाळा बंद करा म्हणणाऱ्यांना त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं; मला सायकलवर बसवून शाळेत सोडत राहिले, एवढंच. आताही ते अक्काच्या कडेने आत शिरले आणि बहिणीचा दंड घट्ट धरून बसले. त्यांच्यामागून आत जाऊन मी रक्त काढलं.

एसटीने धुळ्याला जाऊन लॅब उघडली. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन मुंबईच्या रिपोर्टपेक्षा बरंच उतरलं होतं, काविळीचा आकडा चढला होता. एसटीडी बूथवरून मुंबईच्या डॉक्टरांना आकडे सांगितले. "आजच निघा," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन तो कागद आबांच्या हातात ठेवला आणि आम्ही बहिणीला घेऊन मुंबईला निघालो. कित्येक आठवडे माझ्या पेशींना आवरणारं स्टेरॉइड चाललं. बहीण वाचली.

पुरळ उठण्याआधीच हा धोका सांगणारी प्रथिनं आता रक्तात शोधता येतात, असं वाचते. तेव्हा आमच्याकडे ती लालीच होती, आणि तीही आम्ही देवीच्या नावावर सोडणार होतो.

देवीनं माफ केलं, असं अक्का सगळ्यांना सांगत राहिली. तिच्याशी मी वाद घातला नाही. बहिणीच्या पुढच्या तपासणीचं रक्त मात्र भर दुपारी अंगणात, अक्काच्या समोर बसून काढलं.