शास्त्रात नसलेलं वचन

येत्या रविवारी उपासनेनंतर मी तरुण मुलींना दोन शब्द सांगायचे आहेत. विषय — रोज पवित्र शास्त्र वाचायची सवय कशी लावावी. चर्चच्या मंडळीनं एकमतानं माझं नाव सुचवलं म्हणे. एकमतानं! ऐकून इतकी चीड आली की हातातली किटली आदळलीच मी खाली. सूनबाईला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. त्या मुलींना मी सांगेन काय सांगायचं ते — वेळ ठरवा, थोडं वाचा पण रोज वाचा, वगैरे वगैरे. जे त्यांना सांगणार नाही, ते तुम्हाला सांगते. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही, आणि ते गेले. पाळक आले नि बदलून गेले, त्यांना सांगितलं नाही. देवाला ठाऊकच असणार — पण त्याच्यासमोरही हे शब्द मी तोंडानं कधी उच्चारलेले नाहीत.

सवय होती, यात खोटं काही नाही. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात हे लागले, आणि आम्ही नगरकडून चिंचवडला आलो — हे, मी आणि सासूबाई. स्टेशनच्या अलीकडे, ज्वारीच्या रानाला लागून ओळीनं बांधलेल्या खोल्या होत्या. त्यातली एक आमची. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण सकाळचा पहिला चहा वचन ऐकल्यावरच, हा त्यांचा नेम. मी मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली. सुरेख वाचते म्हणून तिथं मला बक्षीस मिळालं होतं, तेच शास्त्र माझ्या पेटीत. लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं, "वाच गं मास्तरणी. देवाचं आधी, पोटाचं मंग."

आणि कसं वाचायचं? पहिल्या पानापासून. एक ओळ न गाळता. उत्पत्तीचं पुस्तक झालं, निर्गमाचं झालं — तिथवर गोष्टी तरी आहेत. मग आलं तिसरं, लेवीय, नुसत्या नियमांचं. ज्यानं ते सरळ वाचलंय त्याला विचारा. होमार्पणं, चरबी, काळीज, कोड, भिंतीवरची बुरशी! इकडे शेगडी धुपतेय, यांचा डबा व्हायचाय, नळावर रांग लागलीय, आणि मी कोणत्या जनावराचा खूर दुभंगलेला आहे ते वाचतेय. मी ओळी गाळू लागले. आधी एखादी, मग अर्धं पान. त्या बाईला काय कळणार?

बघा, अजूनही तोंडात 'त्या बाईला' असंच येतं.

एकदा गाळायला लागलं की घालायला कितीसा वेळ लागतो? उचलली जीभ लावली टाळ्याला. एका सकाळी गुडघे ठणकत होते, मान वर करायला फुरसत नव्हती, आणि मी वाचता वाचता, तोच आवाज ठेवून म्हटलं — 'घरातील सुनेस तिसऱ्या प्रहरी विसावा द्यावा. मी परमेश्वर आहे.' लेवीयात प्रत्येक आज्ञेच्या शेवटी ते 'मी परमेश्वर आहे' येतं ना, तेही जोडलं. देवाची सहीसुद्धा मीच ठोकली. त्या दुपारी सासूबाईंनी भांडी स्वतः घासली आणि मला म्हणाल्या, पड जरा. मी पदर तोंडात कोंबून हसले. तुम्हालाही हसू आलं असेल. येऊ दे. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

एवढं मात्र सांगते, सासूबाईंचा कान पक्का होता. एकदा ऐकलेलं वचन त्यांना जन्मभर पाठ. आमच्या ओळीत चार-सहा ख्रिस्ती घरं होती. त्या बायकांना त्या वचनं म्हणून दाखवायच्या, आणि कुठल्या पुस्तकातलं तेही सांगायच्या.

मग सगुणा आली. माझी नणंद, यांची पाठची बहीण. श्रीगोंद्याकडे दिलेली. तिचा नवरा म्हणजे प्रार्थनेत ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, असा माणूस. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून तो तिला मारायचा. शेवटी घराबाहेरच काढली. ती आली तेव्हा हातात एक गाठोडं होतं आणि खालचा ओठ फाटलेला. सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं, आणि तोंडाला लावलेला स्वतःचा चहा तिला दिला.

मला काय झालं? आता खरं सांगायचं म्हणून बसलेय तर सांगते. खोली एकच. सगुणा आल्यापासून हे बाहेर ओट्यावर निजू लागले. आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मायलेकींची दिवसभर कुजबुज चाले. मी वाचत असले तरी सासूबाईंचा हात तिच्या केसांत. माझं वाचन कुणी ऐकेना! त्या घरात माझी एवढी एकच घटका होती, जिच्यात मी सून नव्हते. तीही गेली. सगुणानं माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. उलट माझे निम्मे हंडे तीच भरायची. त्याचाही मला राग यायचा.

एका सकाळी लेवीयाचा बाविसावा अध्याय आला. हे रात्रपाळी करून आलेले, भिंतीकडे तोंड करून झोपलेले. सासूबाई समोर. सगुणा दाराशी, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. मी वाचत गेले, आणि एका ओळीपाशी थांबले. डोळे त्या ओळीवर ठेवून मी म्हटलं — 'दिलेली कन्या राहण्यासाठी बापाच्या घरी परतणार नाही; ती आपल्या भ्रताराच्या छायेत राहील, म्हणजे त्या घराच्या कोठारास आशीर्वाद होईल; मी परमेश्वर आहे.'

सासूबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. शब्दाला शब्द. आवाज कापला असेल असं वाटतंय का तुम्हाला? मुळीच नाही. बक्षिसाचा आवाज होता तो.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लेकीला म्हणाल्या, तुझं गाठोडं बांध. आणि हे? सख्खा भाऊ! "शास्त्रातच आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार," एवढं म्हणून कामावर गेले. अरे, एकदा पुस्तक हातात घेऊन बघायचंस तरी! तुला वाचता येत होतं ना? बहिणीचा ओठ दिसत होता ना? या माणसाबरोबर मी पुढे जन्म काढला, आणि या एका गोष्टीसाठी मनातल्या मनात त्यांना कधी माफ केलं नाही. माझी लाज पाहा. पाप मी केलं, आणि माफ यांना करत नव्हते!

बोलली ती एकटी घरमालकीणबाई. चिंचवडच्या जुन्या शेतकरी घरातली, विठ्ठलाची माळ घातलेली बाई. सगुणा निघाली तेव्हा ती दारात उभी होती. सासूबाईंनी तिला वचन ऐकवलं, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्यात बी ह्येच सांगत्यात, बाई. मग देव बदलून तुमाला गावलं तरी काय?" मी उसळले, म्हटलं, तुम्हाला आमचं शास्त्र काय माहीत! देवाचा अपमान झाला म्हणून मी भांडले तिच्याशी. मी! आणि तो अपमान केला कुणी होता?

आता त्या पानावर खरं काय लिहिलंय ते सांगते. तिथं लिहिलंय की याजकाची, म्हणजे देवाची सेवा करणाऱ्याची लेक विधवा झाली किंवा नवऱ्यानं टाकली, तिला मूलबाळ नसलं आणि ती बापाच्या घरी परत आली, तर तिनं लहानपणासारखं बापाचं अन्न खावं. हो. हेच लिहिलंय. टाकलेली, मूल नसलेली, परत आलेली — सगुणाचंच वर्णन जणू. अख्ख्या लेवीयात माणसाच्या मायेची अशी ओळ शोधावी लागते, आणि ती त्या सकाळी आपण होऊन माझ्यासमोर आली होती. मी ती वाचली. डोळ्यांनी पुरती वाचली, आणि तोंडानं तिच्या उलट बोलले. घाईत चूक झाली, असं कुणी माझ्या बाजूनं म्हणू नये.

वर्षभरानं हे सगुणाला भेटून आले. आले ते जेवले नाहीत. म्हणाले, "तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही आता." सासूबाई म्हणाल्या, "पर वचनापरमानं ऱ्हायली माझी लेक."

त्यानंतर मी एक ओळ गाळली नाही. एक शब्द घातला नाही. ताप असो, पाहुणे असोत, बाळंतपणाची खाट असो, रोज वाचलं. भीतीनं वाचलं. ही माझी प्रसिद्ध सवय! बायका आपल्या सुनांना म्हणायच्या, मास्तरीणबाईंकडे बघा. पाळकसाहेब खडकीहून यायचे, तेही आपल्या उपदेशात माझा दाखला द्यायचे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, दुसरं काय?

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित रविवारी त्या मुलींपुढे निर्धास्त उभी राहिले असते आणि किटलीही आदळली नसती. पण अजून आहे.

एका गुरुवारी दुपारी आमच्याच खोलीत बायकांची प्रार्थनासभा होती. पाळकसाहेबही आलेले. ओळीत शेवटच्या खोलीत राहणारी दीनाबाई आपल्या लेकीला, कुसुमला, घेऊन आली. कुसुम वीसेक वर्षांची. नवऱ्यानं हाकलून दिलेली, मूल नाही. तिच्या मानेवर डाग होता, तो पदरानं झाकत होती. दीनाबाई रडत म्हणाली, पोरीला ठेवून घेऊ का परत धाडू, सांगा. कुणी काही बोलायच्या आत माझ्या सासूबाई ताठ बसल्या आणि त्यांनी वचन म्हटलं. माझं वचन. लेवीय, अध्याय बावीस, शेवटच्या 'मी परमेश्वर आहे'सकट. बायकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनीही डोलावली! लेवीय कधी धड वाचलं नसावं, आणि ते कबूल करायची लाज. जाड चष्मा लावलेला, शिकलेला माणूस — संताप येतो मला आजही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी ती सभा. आणि दळणारी एकटी मी डोळस.

दीनाबाईनं मात्र मान डोलावली नाही. ती सरकत सरकत माझ्यापाशी आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाई, तुमी रोज वाचता. त्यात कुठं निराळं बी काही लिवलं आसंल. बघा की एकडाव."

शास्त्र माझ्या मांडीवरच होतं. मी ते पान काढलं. शोधावं लागलं नाही, तिथं आपोआप उघडायचं. ती ओळ माझ्या बोटाखाली होती. मोठ्यानं वाचली असती तर कुसुम घरी राहिली असती. आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंना कळलं असतं, आपण आपल्या पोटच्या पोरीला कशासाठी धाडलं, आणि कुणाच्या शब्दावर. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कुसुमसुद्धा.

मी म्हटलं, "नाही. निराळं काही नाही."

दीनाबाईनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग पाळकसाहेब शेवटच्या प्रार्थनेसाठी उभे राहिले. त्यांनी कुसुमसाठी सहनशीलता मागितली, आणि आपल्यामध्ये रोज शास्त्र वाचणारी अशी एक विश्वासू भगिनी दिल्याबद्दल देवाचे आभार मानले. सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, आमेन.