नारिंगी टोपीचे अलार्म

आमच्या इमारतीत वायरमन काकू राहतात. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी विजेच्या कामाचा कोर्स केला, तेव्हा वर्गात त्या एकट्याच बाई होत्या. सर्टिफिकेटवर ‘वायरमन’ छापलेलं होतं, ते त्यांना चिकटलं ते कायमचं. नवरा शिंपी. त्याला सगळे ‘वायरमन काकूंचे मिस्टर’ म्हणतात आणि तोही खुशाल ओ देतो. काकू फटकळ. तार आपणहून जळत नाही, कुणीतरी कुठेतरी अंगचोरपणा केलेला असतो, हे त्यांचं तीस वर्षांचं मत.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग मास्तरांच्या घरात आग लागली. ज्वाळा अशा नव्हत्याच. भरदुपारी मास्तर गादीवर शर्ट पसरून इस्त्री करत होते. फोन वाजला म्हणून इस्त्री तशीच आडवी ठेवून आतल्या खोलीत गेले आणि बोलणं झाल्यावर तिथेच आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला. गादीतला कापूस आतल्या आत धुमसत राहिला. समोरच्या घरातल्या सुनेला दाराच्या फटीतून धूर दिसला, तिने आरडाओरडा केला आणि आम्ही चौघांनी दार फोडलं. मास्तर वाचले. पण सतरा दिवस दवाखान्यात काढले आणि अजूनही एक जिना चढला की मटकन खाली बसतात.

“म्हातारं माणूस, विसरलं,” असं सगळे म्हणाले. आमचे सेक्रेटरी म्हणाले, मीही मान हलवली. आगीच्या दोन वर्षं आधी एका कंपनीकडून प्रत्येक घरात छताला धुराचा अलार्म बसवून घेतला होता, तो का वाजला नाही, हे विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी वायरिंग तपासायला काकू आल्या. दाराला लावलेल्या नव्या कुलपाची किल्ली माझ्याकडे होती म्हणून मी सोबत होतो. काकूंनी वर बघितलं. छत काळंठिक्कर, अलार्मही काळा. त्या शिडीवर चढल्या, अलार्म खाली उतरवला आणि त्याच्यावरची प्लॅस्टिकची टोपी ओढून काढली. टोपी आतून नारिंगी आणि अलार्म पांढराशुभ्र, जसा खोक्यातून निघाला तसा.

“ही टोपी कशासाठी असते माहितेय?” त्यांचा आवाज चढला. “रंगकाम चालू असताना धूळ आत जाऊ नये म्हणून. काम संपलं की काढून फेकायची. ही ठेवली तर धूर आत शिरणार कुठून? नाकात बोळे कोंबून टांगलाय याला!”

“पण काकू, कंपनीचा माणूस दर सहा महिन्यांनी येतो. माझ्यासमोर वाजवून दाखवलाय त्याने.”

“बटण दाबून ना? बटण दाबल्यावर भोंगा वाजतो. बॅटरी आणि भोंगा धड आहेत एवढंच त्यातून कळतं. धूर आत जातोय का, हे कोण बघणार?”

आमच्या हॉलमधल्या अलार्मलाही तशीच नारिंगी टोपी होती. बायकोने तर पडदे त्या रंगाला जुळवून घेतले होते.

दोन दिवसांत काकूंनी चाळीसही घरं पालथी घातली. एकतीस अलार्मवर टोपी तशीच. सहा ठिकाणी बॅटरीच गायब. तीन अलार्म तेवढे धड होते, कारण त्या घरांतल्या पोरांनी चेंडू मारून टोप्या पाडल्या होत्या.

मास्तर दवाखान्यातून घरी आल्यावरच्या रविवारी सकाळी बैठक बोलावली. मास्तर काठी टेकत आले. दर सहा महिन्यांनी तपासायला येणारा तो कंपनीचा सुपरवायझर फाइल घेऊन आला होता. “चाळीसच्या चाळीस तपासलेत, सगळे ओके. ही माझी सही,” तो म्हणाला. सेक्रेटरी म्हणाले, “आपण आपसात मिटवू. उगाच बाहेर बोभाटा नको.”

काकूंनी सुती दोरीचं टोक पेटवलं, फुंकर मारून विझवलं आणि धुमसती दोरी टोपीवाल्या अलार्मखाली धरली. एक मिनिट गेलं, दोन गेली. काही नाही. सुपरवायझरने बटण दाबलं, अलार्म वाजला. “बघा, चालू आहे की!” असं म्हणून तो चक्क हसला. काकूंनी टोपी काढली आणि तीच दोरी पुन्हा खाली धरली. थोड्याच वेळात असा कर्कश आवाज सुटला की मागच्या रांगेतल्यांनी कान झाकले.

मास्तरांनी मान खाली घातली. “चूक माझीच आहे. इस्त्री मी विसरलो.”

“मास्तर, माणसं विसरतात म्हणूनच हे छताला लावतात!” काकू कडाडल्या. “तुम्ही घरात एकटे, थकलेले, डोळा लागला. हा गृहस्थ मात्र चार वेळा शिडीवर चढला, टोपी याच्या नाकासमोर होती, आणि याने खुशाल सही ठोकली. तुम्ही कशाला मान खाली घालताय? याला घालू दे!”

सुपरवायझर फाइल मिटत म्हणाला, “मॅडम, टोपी काढायचं आमच्या कामात लिहिलेलं नाही.”

समोरच्या घरातली ती सून उठली, “दार फोडायचं आमच्या कामात लिहिलं होतं का?” आणि पाठोपाठ मीही ओरडायला लागलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

काकूंनी चाळीस घरांची यादी आणि फोटो घेऊन अग्निशमन खात्यात तक्रार केली. तीन आठवडे हेलपाटे घातले. कंपनीला सहा महिने काम बंद ठेवायचा हुकूम झाला, बस. मास्तरांची माफी मागायला कुणी फिरकलंसुद्धा नाही. सेक्रेटरींनी नोटीस लावली, ‘समितीच्या दक्षतेमुळे दोष उघडकीस आला.’ काकूंनी ती सगळ्यांदेखत टराटरा फाडली.

मग त्या स्वतःच कामाला लागल्या. शेगडीला खेटून असलेले अलार्म हलवले, झोपायच्या खोल्यांबाहेर नवे लावले, प्रत्येकाच्या मागे तारीख लिहिली, कारण दहा वर्षांनी तो टाकून द्यायचा असतो. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असलेल्यांना आधी तो बाहेर मोकळ्या हवेत हलवायला लावला आणि शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म घ्यायला लावला. “त्या वायूला ना रंग, ना वास. धुराच्या अलार्मला तो कळत नाही,” हे त्या प्रत्येक दारात सांगत. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जाळीवरची धूळ ब्रशने झाडतो आणि बटण दाबतो. इमारतभर किंचाळ्या आणि खाली कुत्र्यांचा गोंधळ.

परवा समोरच्या इमारतीतून काकूंना बोलावणं आलं. तिथे अलार्म बाथरूमच्या दाराशी बसवलेत. वाफेने सारखे वाजतात म्हणून लोकांनी त्यांना फडकी गुंडाळलीत. मी गॅलरीत उभा होतो. रस्त्याच्या पलीकडून, चौथ्या मजल्यावरून, काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, “कुणी पास केलं हे? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला!”