आगाशिवाच्या टाक्यातलं पाणी

माझा पहिला मुलगा तापाने गेला, तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "द्येव नदीत सोडलंसा, म्हणून प्वार गेलं." आम्ही बौद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती. ते बोलणं माझ्या आत रुतून बसलं. पुढे मला पुन्हा दिवस गेले आणि त्यांनी मरीआईला कोंबडं कबूल केलं. मी म्हटलं, "आत्याबाई, कोंबडं न्हाई आन् पाया पडनंबी न्हाई." बोलले ठामपणे, पण रात्री झोप लागेना. ज्याला शरण गेलो तो खरंच आपला आहे का, हे कुणाला विचारायचं?

मालक रेल्वेच्या गँगमध्ये होते, ताकारीजवळ रुळाकडेला आमची खोली होती. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात बुद्धाची लेणी आहेत, असं त्यांनी ऐकलं होतं. मी जायचं ठरवलं. ते म्हणाले, "अशा दिवसांत?" मी म्हटलं, "अशाच दिवसांत."

उन्हाळा नुकता लागला होता. सकाळच्या गाडीच्या खिडकीतून कृष्णाकाठचे उसाचे मळे मागे पडत गेले. कऱ्हाडचं स्टेशन गावापासून लांब. तिथून चालत निघाले, जुन्या पेठेतून, संगमाच्या घाटावरून, मग कोयनेच्या पुलापलीकडे. पायथ्याच्या वाडीपर्यंत घसा कोरडा पडला होता. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. तिने हसून कळशी उचलली आणि विचारलं, "कुनाची गं तू?"

माझं लुगडं स्वच्छ होतं. काहीही सांगून भागलं असतं. मी म्हटलं, "आमी बौद्ध हाय." कळशी खाली गेली. मी पदर खोचला आणि डोंगर चढू लागले. रडू येत होतं, पण वळून पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खडकावर बसले. मेंढरं हाकत एक म्हातारी धनगरीण आली. तिने वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पुढे केलं. मी हात मागे घेतला. "आवं, आदी ऐका. आमी बौद्ध हाय."

"म्या इचारलं का? पी आदी. पोटात ल्येकरू हाय तुज्या."

मी प्यायले. मग ती माझा दंड धरून वर घेऊन गेली. लेण्यात अंधार होता, आत दगडाचा गोल स्तूप होता. बाहेर कातळात कोरलेलं टाकं होतं आणि त्या दिवसांतही त्यात पाणी होतं. म्हातारी म्हणाली, "ह्ये लय जुनं. इथल्या साधूंनी खोदलंया. कुनीबी प्यावं." मी वाकून ओंजळ भरली. कुणाची परवानगी लागली नाही. मग स्तूपापुढे बसून त्रिसरण म्हटलं, अगदी मोठ्याने. दगडातून आवाज परत आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. भीती मात्र तिथेच गेली. बाहेर आले तर मेंढरं पलीकडच्या उतारावर गेली होती. म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं.

पावसाळ्यात मुलगी झाली. सासूबाईंनी अंगारा आणला. मी लावू दिला नाही. त्या रागाने धुमसत राहिल्या, तरी नात मांडीवरून खाली ठेवली नाही. शरण गेलेल्या माणसाची मान इतकी ताठ होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या म्हातारीचे आणि कातळात पाणी राखणाऱ्या त्या भिक्खूंचे उपकार मी आजही मानते. आणि कुणीही विचारलं, तरी पहिल्या दमात सांगते, आम्ही बौद्ध आहोत.