यादीच्याही वर सासरे

रोलिनला हॉलिंगसन पहिल्यांदा भेटला तेव्हा तिला फक्त एक गाणं हवं होतं. लुगनविल शहरातल्या बाजारामागे त्याची पत्र्याची टपरी होती आणि लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून द्यायचा धंदा होता. ती आत शिरली तेव्हा ऐन तारुण्यात होती. बाहेर पडली तेव्हा, तिच्याच सांगण्यानुसार, शेजारच्या गाळ्यावरच्या बाईला नातू झाला होता, तिची स्वतःची विकायला आणलेली कच्ची केळी पिकून काळी पडली होती, आणि ज्या बसने ती आली ती बस भंगारात निघाली होती. मधला सगळा काळ हॉलिंगसन प्रश्न विचारत होता.

“गाणं कोणतं ते नंतर सांग. बेट कोणतं?”

“मोटा लावा.”

“मग घरचीच आहेस. आईचं गाव?”

“मला गाणं पाहिजे, नवरा नको. आईचं गाव कशाला?”

“गाणी काय झाडाला लागतात? कुणीतरी माणूस गातो, त्याला आई असते, आईला माहेर असतं. त्याच्यावरून तर मी गाणी लावतो.”

आणि खरोखरच तो तशीच लावत असे. जगातले बाकीचे लोक गाणी नावावरून लावतात, सालावरून लावतात. हॉलिंगसनच्या कॉम्प्युटरवर मामाच्या पोटात भाचा होता, भाच्याच्या पोटात त्याचा बँड, आणि बँडच्या पोटात गाणी. भांडून फुटलेल्या एका बँडची दोन फोल्डरं त्याने वेगवेगळी केली होती आणि त्यांचा एकमेकांना धक्का लागू नये म्हणून मधे एक रिकामं फोल्डर ठेवलं होतं. चर्चची गाणी आणि कावा नावाचं नशेचं पेय पितात त्या अड्ड्यावरची गाणी तर वेगवेगळ्या डिस्कवर. हजारो गाणी होती, आणि कुठलं कुठे आहे हे फक्त ज्याला मोटा लावासकट अख्ख्या बँक्स बेटांची सोयरीक पाठ आहे त्यालाच सापडावं. म्हणजे हॉलिंगसनला.

“बाप कोण तुझा?”

“पॅटिसन.”

हॉलिंगसन उभा राहिला. “पॅटिसन? पांढरा खेकडा बँडचा पॅटिसन? बायकांना लाजवील अशा वरच्या पट्टीत गाणारा पॅटिसन? अगं, पॅटिसनची कॅसेट मी किती वर्षं शोधतोय.”

त्या दिवशी त्याने ते नाव इतक्या वेळा घेतलं की जन्माचा वाटा तिथेच संपवला. ते बरंच झालं, कारण पुढे त्याला ते घेताच आलं नाही.

पॅटिसनकडे त्या कॅसेटची एकच प्रत उरली होती. हॉलिंगसनने ती मागून आणली, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली आणि म्हातारबुवांना म्हणाला, “आता चर्चमध्ये ठेवल्यासारखी सुरक्षित आहे बघा.” कॅसेट परत करायला तो गेला, कॅसेट बरी आहे ना विचारायला पुन्हा गेला, आणि असं करता करता रोलिनशी त्याचं लग्न झालं. कॅसेटची फीत पुढे उंदरांनी घरट्यात घातली.

आता मोटा लावाच्या जावयाने सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं. त्यांच्या डोक्यावरून हात न्यायचा नसतो आणि त्यांच्यापेक्षा उंच बसायचं नसतं. सासूशी तर बोलायचंच नाही. ती वाटेत दिसली की जावयाने झाडं न्याहाळायची. हे तर सगळेच जावई पाळतात. हॉलिंगसनने ते कॉम्प्युटरलाही पाळायला लावलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने सासऱ्यांचं नाव फोल्डरवरून काढलं. मग त्याच्या लक्षात आलं की यादीत त्यांच्या वर कुणी भलताच बँड बसलाय, म्हणून त्याने त्यांना सगळ्यात वर नेलं. मग चुलतसासरे आठवले, मेहुणे आठवले. गाणाऱ्यांचं घराणं ते; अर्धं सासर गळ्यात गिटार अडकवूनच जन्माला आलेलं. त्या सगळ्यांची नावं गेली आणि सगळेच वर गेले. यादीच्या डोक्यावर ‘तिकडचे’, ‘तिकडचे मोठे’, ‘तिकडचे पण चष्मावाले’, ‘होडी विकली ते’ अशी नुसती गर्दी झाली.

घरीही तेच. पॅटिसन शेजारी मुलाकडे राहत आणि दिवसभर आंब्याच्या झाडाखाली बसत. हॉलिंगसन रोलिनला विचारायचा, “आंब्याखाली जेवण झालं का?”

“आंबा म्हणाला, निरफणसाच्या नालोटला नारळ कमी पडलाय,” रोलिन सांगायची.

असं सुखाने चाललं होतं, तेवढ्यात चर्चचं छप्पर गळू लागलं.

छपरासाठी वर्गणी जमवायची म्हणून पाद्रीबाबांनी बँडची स्पर्धा ठेवली. रोलिनच्या भाच्यांनी आजोबांच्या बँडचं नाव घेतलं, युकुलेली नावाच्या छोट्या गिटारी घेतल्या आणि आजोबांचं गाणं मागितलं. आजोबांनी पहिली दोन कडवी शिकवली आणि तिथे अडकले. तिसरं कडवं त्यांना आठवेना. बँडमधला दुसरा कुणी विचारायला उरला नव्हता.

हे साधं कडवं नव्हतं. रोलिन लहानपणापासून त्याची कीर्ती ऐकत आली होती. “पहिलं कडवं बेटाचं, दुसरं समुद्राचं,” पॅटिसन सांगत, “आणि तिसरं तुझ्या आईचं. पहिली दोन कुणीही करील.” आता त्यांनी हट्टच धरला. रोलिनची आई एडिथ पुढे बसलेली असताना तिचंच कडवं गाळून गाणं म्हणायचं नाही. तिसरं मिळालं तर गा, नाहीतर युकुलेली खाली ठेवा. ते बोलत असताना रोलिनला कळलं की म्हातारबुवांना गाण्याची नाही, स्वतःच्या विसरण्याची भीती वाटतेय.

“तुझा नवरा म्हणाला होता, चर्चमध्ये ठेवल्यासारखं आहे,” ते म्हणाले. “चला बघू.”

शनिवारी दुपारी ते स्वतः टपरीत आले. एडिथही आली, पण आत जावई म्हटल्यावर बाहेर दाराकडे पाठ करून शेंगदाणे सोलत बसली. पॅटिसन तिथल्या एकुलत्या बुटक्या बाकावर बसले. हॉलिंगसनची खुर्ची त्याहून उंच, म्हणून तो जमिनीवर बसला. तिथून त्याला कॉम्प्युटरचा पडदा दिसत नव्हता, आणि माउस सासऱ्यांच्या डोक्यावरून घ्यावा लागला असता. तेव्हा खुर्चीवर रोलिन बसली, आणि लुगनविलमधला गाण्यांचा सगळ्यात मोठा जाणकार टेबलाखालून मार्गदर्शन करू लागला.

रोलिनने आधी सरळ वडिलांचं नाव टाकून शोधलं. “या नावाचं काही नाही म्हणतोय.”

“मी नाही असं म्हणतो?” पॅटिसन म्हणाले.

“नाव नाही, बाबा. तुमच्या जावयाने काढलंय.”

“आदराने काढलंय,” टेबलाखालून आवाज आला.

“तुझ्या नवऱ्याला सांग,” एडिथ बाहेरून म्हणाली, “एवढा आदर केला की माणूसच हरवला.”

“ऐकलं का?” रोलिन म्हणाली.

“मी काही ऐकलं नाही,” हॉलिंगसन म्हणाला. ते नियमाला धरूनच होतं. “वर बघ. सगळ्यात वर ठेवलेत.”

वर सगळं सासर उभं होतं. रोलिनने एकेक उघडायला सुरुवात केली. ‘तिकडचे’मध्ये चुलत्यांची भजनं निघाली. ‘तिकडचे मोठे’मध्ये कुणाच्या तरी लग्नातलं भाषण, मधूनमधून डुकराच्या ओरडण्यासह. ‘होडी विकली ते’ सुरू केलं तर तिचा सख्खा भाऊ गात होता.

“हा चांगला गायचा,” पॅटिसन म्हणाले, “होडी विकेपर्यंत.”

“सगळे बघून झाले. यादीत बाबा नाहीत,” रोलिन म्हणाली. “तू पुसून तर नाही ना टाकलंस?”

“यादीत कसे असतील?” हॉलिंगसन हळूच म्हणाला. “तिथे किती गर्दी झाली. तुझे भाऊ यायचे, काका यायचे, कधी कोण वर बसेल नेम नाही. मी त्यांना यादीतून बाहेर काढून वर ठेवलं होतं. यादीच्याही वर.”

“यादीच्या वर काय असतं?”

“पडद्याचा वरचा कोपरा. डावीकडचा. तिथे कचऱ्याचा डबा होता, तो हलवला आणि त्यांना बसवलं.”

रोलिनने कोपऱ्याकडे पाहिलं. मागच्या वादळात छपरातून पाणी गळून पडद्याचा नेमका तोच कोपरा काळा पडला होता, आणि काळा डाग बरा दिसत नाही म्हणून हॉलिंगसननेच त्यावर बिशपांचा फोटो चिकटवला होता. तिने फोटो सोलून काढला. खाली नुसता अंधार होता. त्या अंधारात तिने अंदाजाने बाण नेला आणि दोनदा टिचकी मारली.

खिडकी उघडली. वर नाव होतं: ‘आंब्याखाली’.

आत एकच गाणं होतं. तिने ते लावलं. आधी खरखर, मग गिटारी, मग टपरीचा पत्रा थरथरावा असा उंच, कोवळा आवाज. पॅटिसननी डोळे मिटले. बेटाचं कडवं झालं, समुद्राचं झालं. बाहेर शेंगदाण्यांचा आवाज थांबला. हॉलिंगसन टेबलाखाली गुडघ्यांना मिठी मारून बसला होता.

तिसरं कडवं आलं. त्यात जनरेटर दिल्याबद्दल फ्रँकलिन यांचे मनापासून आभार मानले होते. कॅसेट खोबऱ्याच्या गोदामाशेजारच्या दुकानात मिळेल असंही सांगितलं होतं, आणि शेवटी पांढरा खेकडा बँडचा सर्वांना रामराम होता.

गाणं संपलं.

“आई कुठे आहे यात?” रोलिनने विचारलं.

पॅटिसन विचारात पडले. “असायला पाहिजे होती.”

बाहेर एडिथ हसू लागली होती. इतकी हसली की मांडीवरचे शेंगदाणे सांडले. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्या जनरेटरचं पेट्रोल मीच वाहून नेलं होतं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझा बाप इतकं छान सांगायचा. मी कशाला मोडू?” मग ती दाराकडे पाठ ठेवूनच थोडी मोठ्याने म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला सांग, गाणं नीट जपलं. आणि म्हणावं आता खुर्चीवर बस, पाठ धरेल.”

“आई म्हणतेय—”

“ऐकलं,” हॉलिंगसन म्हणाला, आणि नियम मोडला म्हणून लगेच भिंतीकडे पाहू लागला. खुर्चीवर मात्र बसला नाही. सासरे अजून बाकावर होते.

पॅटिसननी गाणं पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते जनरेटरच्या कडव्यात स्वतः सूर लावू लागले, आणि आवाज कापत होता तरी शब्द एकही चुकला नाही. घरी जाऊन त्यांनी नातवंडांना ते कडवं जसंच्या तसं शिकवलं, फ्रँकलिनच्या आभारांसकट. काही झालं तरी तिसरं म्हणायचंच, अशी ताकीद दिली.

स्पर्धेच्या दिवशी एडिथ पहिल्या रांगेत बसली. पोरांनी तिन्ही कडवी म्हटली. तिसऱ्यामुळे गाणं ठरलेल्या वेळेच्या पुढे गेलं आणि त्यांना स्पर्धेतून बाद केलं.