आत्या कॅबिनेटच्या मागे जाऊन बसली

गिटारवाल्यांनो, कुठलं स्पीकर कॅबिनेट घ्यायचं ते आज एकदाचं ठरलं. पण कसं ठरलं ते ऐका.

सकाळी पोलादपूरला घरच्या ओसरीवर दोन कॅबिनेट शेजारी मांडली. एक कंपनीचं, जाड प्लायचं, मागून बंद, दगडासारखं घट्ट. दुसरं बिरवाडीच्या सुतारानं सागाच्या फळ्यांचं केलेलं, मागून उघडं. कंपनीचं भरीव वाजतं, सागाचं मोकळं आणि गोड.

ऐकायला आजोबांची बहीण होती. नव्वदी ओलांडली, आम्ही सगळे तिला आत्याच म्हणतो. समोर खुर्ची ठेवली, तर बाई उठून खोक्यांच्या मागे जाऊन बसली.

"आत्या, समोर बस गो."

"नाय रे. बायांची जागा मागंच."

ती लहान होती तेव्हा, एकोणीसशे तीसच्या दशकात, तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, शिमग्याला मुंबईहून ग्रामोफोन घेऊन यायचे. अंगणात पुरुष पुढे बसायचे, बायका-पोरी मागे.

"आमाला कर्ण्याची पाठच दिसायची," ती हसत म्हणाली.

मी दोन्ही वाजवून दाखवली. तिनं कंपनीच्या खोक्याकडे बोट केलं. "ह्यातून मागं कायच येत नाय. दुसरा बरा. मागच्यांची आठवण ठेवून केलेला हाय."

मी सागाचं कॅबिनेट उचललं, तिच्याकडे तोंड करून ठेवलं आणि एक साधी धून वाजवली.

ती म्हणाली, "समोरनं असं वाजायचं होय?"

तुमच्या घरात मागे बसून गाणं ऐकलेलं कोणी आहे का? मग खुर्ची कुठे ठेवायची ते तुम्हीच बघा.